रोलवर देश कोणता छापायचा? लेबलं बदलण्याच्या कामाच्या नोंदी

९ जानेवारी

काल एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. सोबत खिडकीच्या काचेला धरून काढलेला निगेटिव्हचा फोटो. कडेच्या भोकांशेजारी बारीक अक्षरांत काळ्या-पांढऱ्या फिल्मचं नाव, ‘इल्फर्ड एचपी५ प्लस’, स्वच्छ वाचता येत होतं. खाली एकच वाक्य: “तुमच्या डबीवर ‘मेड इन’च्या पुढे तुमचा देश आहे, पण ही फिल्म तर इंग्लंडमध्ये बनते ना?”

बनते. मॉबर्लीच्या कारखान्यात. मी फिल्मचा १०० फुटी डबा घेतो, बल्क लोडरमधून, म्हणजे लांब फिल्म कॅसेटमध्ये भरायच्या यंत्रातून, ३६ फ्रेमचे रोल भरतो, कॅसेटवर माझं लेबल चिकटवतो, डबीत घालतो. काम इथं झालं म्हणून देशही इथलाच छापला. छापताना यात काही चुकतंय असं मनातही आलं नव्हतं.

तीन डब्यांचे ५४ रोल याच लेबलाखाली भरले होते. त्यातले ३१ गेले, २३ कपाटात आहेत. आज विक्री थांबवली.

११ आणि १२ जानेवारी

या दोन संध्याकाळी मी स्वतःला बरोबर ठरवण्यात घालवल्या. तोच खड्डा दुसऱ्या कोणी खणू नये म्हणून लिहून ठेवतो.

जगभर मालाचं वर्गीकरण ज्या एचएस कोडने होतं, त्यात न वापरलेली गुंडाळी फिल्म ३७०२ या शीर्षकाखाली येते. तिथल्या काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या ओळी वाचताना मला घबाड सापडल्यासारखं झालं. ३५ मिमीपर्यंत रुंद आणि ३० मीटरपेक्षा लांब फिल्म ३७०२.९७ मध्ये, तेवढीच रुंद पण ३० मीटरपर्यंतची ३७०२.९६ मध्ये. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. म्हणजे माझा डबा अठ्ठेचाळीस सेंटिमीटरनी एका खणात आणि माझा रोल दुसऱ्या खणात! कोड बदलला म्हणजे माल बदलला, माल बदलला म्हणजे देश बदलला, अशी साखळी मी कागदावर बाण काढून जुळवली.

कस्टम्स क्लिअरिंगच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या जुन्या मित्राला फोन केला. तो हसला.

“अरे, कापलंस तू, गुंडाळलंस तू. मसाला कोणी लावला?”

“मसाला त्यांनीच.”

“मग तुझ्या कात्रीने इंग्लंडचं काय बिघडलं?”

पुढे त्याने जरा नीट समजावलं. शेवटचा आकडा बदलला म्हणून मूळ देश आपोआप बदलत नाही. अमेरिकेचे कस्टम्सवाले विचारतात की प्रक्रियेनंतर नवं नाव, नवा गुणधर्म, नवा उपयोग असलेली वस्तू तयार झाली का. युरोपीय संघात शेवटची भरीव प्रक्रिया कुठे झाली ते पाहतात, आणि मोठा माल फोडून लहान पॅक करणं, साधं पॅकिंग, लेबल चिकटवणं या गोष्टी किरकोळ कामांच्या यादीत टाकून मोकळे होतात. माझ्याकडे आत येते तीही न वापरलेली ३५ मिमी फोटो फिल्म, बाहेर जाते तीही तीच. संवेदनशील थर जिथं पट्टीवर चढला, तिथली ती.

बाणांचा कागद फाडला. ‘मेड इन’च्या पुढचा माझा देश जाणार, हे ठरलं.

१४ जानेवारी

नवीन मजकूर जुळवायला बसलो. पहिला मसुदा वरवर ठीक होता. वर माझ्या उपक्रमाचं नाव, खाली पत्ता, शहर, देश. तळाशी, बॅच नंबरच्या शेजारी, ४ पॉइंटमध्ये ‘फिल्म इंग्लंडमध्ये बनलेली’. खरं छापलं म्हणून मी खूश.

छापून डबीवर लावलं आणि हाताच्या अंतरावर धरलं, तर डोळ्यांत भरत होता तो माझाच देश. इंग्लंड शोधायला चष्मा लागत होता.

काही रोल परदेशी मित्रांना पाठवायचे असतात, म्हणून अमेरिकेचा नियम वाचला. त्यांच्या कस्टम्स नियमावलीत १३४.४६ हे कलम नेमकं याच प्रकारावर आहे. मालावर दुसऱ्या देशाचं किंवा गावाचं नाव असेल आणि त्याने घेणाऱ्याची फसगत होण्यासारखी असेल, तर खरा मूळ देश त्या नावाच्या अगदी जवळ, निदान तुलनेने तेवढ्याच आकारात आणि ‘मेड इन’ किंवा ‘प्रॉडक्ट ऑफ’ अशा शब्दांसकट यायला हवा. नाव इंग्रजीत, ठळक जागी, वाचता येईल असं आणि वस्तूला सोसेल तितकं पक्कं. युरोपीय संघात असल्या मालावर मूळ देश छापायची सरसकट सक्ती नाही, पण छापलात तर खोटा चालत नाही. ग्राहकाची दिशाभूल रोखणाऱ्या २००५ च्या निर्देशात मालाचं भौगोलिक मूळही मोजलेलं आहे.

दुसऱ्या मसुद्यात दोन ओळी एकाखाली एक, एकाच आकारात:

फिल्म: मेड इन इंग्लंड
रोल भरणी व पॅकिंग: (माझा देश)

पत्ता त्याखाली, थोडा लहान. ‘भरणी’ शब्दावर बराच वेळ गेला. ‘निर्मिती’ नको, ‘तयार केले’ नको, ‘असेंबल्ड’ तर मुळीच नको, कारण ते वाचून मी काहीतरी जोडलंय असं वाटतं. मी भरतो. कॅसेटमध्ये फिल्म भरतो.

१८ जानेवारी

आता खरी डोकेदुखी. कॅसेट.

माझ्याकडे दोन प्रकारच्या आहेत. पुन्हा भरता येणाऱ्या कोऱ्या प्लास्टिकच्या, त्यांची भानगड नाही. दुसऱ्या पत्र्याच्या, लॅबमधून आणलेल्या, वापरलेल्या. डेव्हलप करणारा फिल्म ओढून कापतो तेव्हा कॅसेटच्या ओठातून, म्हणजे फिल्म जिथून बाहेर येते त्या फटीतून, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जुन्या फिल्मची जीभ बाहेर राहते. तिला नव्या फिल्मचं टोक समोरासमोर ठेवून दोन्ही बाजूंनी टेप लावायची, दांडा फिरवून आत ओढायचं. फुकटात कॅसेट.

पण त्या पत्र्यावर आधीचं सगळं छापलेलं असतं. मी एक उचलून नीट पाहिली. माझं कागदी लेबल अर्ध्यातच संपलेलं. उरलेल्या पत्र्यावर जुन्या रंगीत फिल्मचं नाव, ‘२००’ आणि ओठाजवळ ‘मेड इन यूएसए’. म्हणजे डबीवर माझा देश, कॅसेटवर अमेरिका आणि आतल्या फिल्मच्या कडेवर इंग्लंडची कंपनी. असे ५४ मधले किती गेले याची नोंद नाही. अंदाजे निम्मे.

जुनी छपाई पुसायची म्हणून थिनरमध्ये बोळा बुडवून घासलं. रंग निघाला, अगदी चकचकीत पत्रा झाला. पण ओठाच्या आत जी काळी मखमल असते, प्रकाश अडवणारी, तिच्या मागच्या गोंदापर्यंत थिनर झिरपला. दुसऱ्या दिवशी दांडा फिरवला तर मखमलीची पट्टी फिल्मबरोबर बाहेर. सात कॅसेट कचऱ्यात. आत फिल्म भरण्याआधी कळलं, एवढंच नशीब.

मग पुसायचा नाद सोडला आणि झाकायचं ठरवलं. कॅसेटचा व्यास २५ मिमी, म्हणजे घेर साधारण ७८ मिमी. ओठाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचेल आणि ओठावर चढणार नाही, असं ७२ मिमीचं अपारदर्शक लेबल केलं. ओठावर चढलेलं लेबल कॅमेऱ्याच्या खणात अडकतं. एकदा अडकवून घेतलंय.

१९ जानेवारी

कालच्या नोंदीत एक चूक राहिली, ती सकाळी कळली.

सगळीकडून झाकलेली कॅसेट कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात घातली आणि कॅमेऱ्याने ४०० ची फिल्म १०० समजून घेतली. पत्र्यावरचे ते काळे आणि चंदेरी चौकोन, सहा-सहाच्या दोन ओळी, म्हणजे डीएक्स कोड. कॅमेऱ्यातल्या पिना चंदेरी चौकोनांना टेकून फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते, वाचतात. त्यांच्यावर लेबल आलं की कॅमेऱ्याला काहीच कळत नाही आणि बरेच कॅमेरे मग १०० धरून चालतात. दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त प्रकाश. एचपी५ सोशिक आहे, सावरून घेते, पण हे गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही.

लेबलात चौकोनांपुरती खिडकी कापली. खिडकीतून २०० चा कोड दिसला, तर तेही खोटंच. म्हणून यापुढे ४०० वेगाच्या फिल्मच्याच रिकाम्या कॅसेट एचपी५ साठी घ्यायच्या, बाकीच्या बाजूला. ढीग वेगळे करताना कळलं की वापरण्याजोग्या फक्त अकरा आहेत. उरलेले रोल प्लास्टिकच्या कोऱ्या कॅसेटमध्ये जातील, आणि त्यांच्या लेबलावर ‘डीएक्स नाही, कॅमेऱ्यात ४०० स्वतः लावा’ ही ओळ.

२३ जानेवारी

शाई. फिल्म फ्रिजमध्ये ठेवणारे पुष्कळ. मी एक लेबल लावलेली कॅसेट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी टेबलावर काढली. पाच मिनिटांत दव जमलं. अंगठा फिरवला तर ‘इंग्लंड’चा जांभळा ओघळ. इंकजेटची शाई पाण्याला टिकत नाही हे मला माहीत होतं, तरी १२० लेबलं छापून बसलो होतो. सगळी रद्द.

लेसर प्रिंटरवर, प्लास्टिकच्या चिकट शीटवर पुन्हा छापली. तीच परीक्षा दोनदा घेतली, टिकली. विषय संपला.

२९ जानेवारी

आज सिनेमाची फिल्म. कोडॅक व्हिजन३ ५००टी, ३५ मिमीमध्ये तिचा क्रमांक ५२१९. ४०० फुटांचा, म्हणजे जवळपास १२२ मीटरचा गठ्ठा. लोडरमध्ये १०० फूट मावतात म्हणून अंधारात चार तुकडे करायचे.

रात्री न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून. तीन तुकडे व्यवस्थित झाले. चौथ्याला गठ्ठा हलका झाला होता आणि मी तो कडेने उचलला. मधला प्लास्टिकचा गाभा सटकला. अंधारात फक्त आवाज ऐकू येतो, कोरडा सळसळ आवाज, आणि मग पायांवर फिल्मची वेटोळी पडत राहतात. थांबवायला हात घातला तर आणखी मोकळी झाली. वीस मिनिटं गुंडाळायचा प्रयत्न केला, शेवटी दिवा लावला. तीस मीटर गेली. ज्यांना हे करायचंय त्यांनी एक हात सपाट गठ्ठ्याखाली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गाभ्यावर ठेवावा. कडेने कधीही उचलू नका.

लेबलाच्या बाबतीत ही फिल्म सोपी: फिल्म अमेरिकेत बनलेली, भरणी इथली. पण देश बरोबर लिहून बाकी गोष्टी गाळल्या तर तीही फसवणूकच. माझ्याकडच्या या गठ्ठ्याच्या पाठीला रेमजेट हा काळा काजळीचा थर आहे. सी-४१ ही साध्या रंगीत फिल्मची प्रक्रिया करणाऱ्या नेहमीच्या लॅबमध्ये तो सुटून सगळ्यांच्या रसायनांत जाऊ शकतो, म्हणून लॅबवाले घेत नाहीत. हिची प्रक्रिया वेगळी, सिनेमा फिल्मची ईसीएन-२. तेव्हा ‘प्रोसेस: ईसीएन-२, रेमजेट काढलेला नाही’ ही ओळ देशाच्या ओळीइतकीच मोठी. मूळ फिल्मचं नाव आणि क्रमांक साध्या अक्षरात लिहिला. त्यांचं चिन्ह, त्यांचा पिवळा-लाल रंग वापरला नाही. फिल्म त्यांची असली तरी डबी माझी आहे.

एकाने विचारलं, रेमजेट आधीच धुऊन सी-४१ लायक केली तर मग आपला देश लिहिता येईल का? काम मोठं आहे, मान्य. फिल्म कशात डेव्हलप होते, दिव्यांभोवती लाल वलय येतं का, हे सगळं बदलतं. पण चित्र ज्या थरात उमटतं तो तसाच राहतो. मी तरी ‘मेड इन’ लिहिणार नाही. ‘रेमजेट इथे काढला’ असं लिहीन, ते खरंही आहे आणि त्यात माझी मेहनतही दिसते.

३ फेब्रुवारी

परवाच्या गोंधळाची दुसरी फळं. सिनेमाचे तुकडे ठेवायला डबा हवा म्हणून अंधारात एचपी५ चा चौथा डबा रिकामा केला आणि ती फिल्म नुसत्या काळ्या पिशवीत घातली. शेजारी आणखी एक काळी पिशवी होती. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आलेली, चिठ्ठी नसलेली काळी-पांढरी फिल्म. आता दोन पिशव्या, दोन्ही निनावी.

उपाय साधा आहे पण वेळखाऊ. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालून काम करायच्या उजेडबंद पिशवीत, प्रत्येकीचं वीस सेंटिमीटर टोक कापलं, टोकाला एक आणि दोन खाचा मारल्या, दोन्ही एकाच टाकीत डेव्हलप केली. सुकल्यावर भिंगाखाली धरली. एक खाच असलेल्या पट्टीच्या कडेवर नाव उमटलेलं, एचपी५ प्लस. दोन खाचांची कड कोरी. आकडे नाहीत, नाव नाही, काही नाही.

दीड तास आणि चाळीस सेंटिमीटर. डब्यावर मार्करने दोन शब्द लिहिले असते तर दहा सेकंद.

६ फेब्रुवारी

ती कोरी फिल्म. बेस, म्हणजे मसाल्याखालची प्लास्टिकची पट्टी, पातळ, काचेसारखा स्वच्छ. हाताने फाडून पाहिली, फाटत नाही, नुसती ताणली जाते. म्हणजे पॉलिस्टर, अॅसिटेट असती तर टर्रकन फाटली असती. असा पातळ स्वच्छ पॉलिस्टर बेस हवाई छायाचित्रणाच्या फिल्मला असतो. अशी फिल्म बेल्जियममध्ये मॉर्टसेलला आग्फा-गेव्हार्टने बनवली आहे, आणि तिचे कापून भरलेले रोल वेगवेगळ्या नावांनी विकले गेले आहेत. ‘बेल्जियम’ लिहायला हात शिवशिवत होता. लिहिलं असतं तर कोणी पकडलंही नसतं.

पण पॉलिस्टर बेस अनेकांनी वापरलाय. कड कोरी, डबा नाही, पावती नाही. अंदाजावर देश छापायचा तर जानेवारीतल्या लेबलात आणि यात फरक काय राहिला? ही फिल्म विकायची नाही. माझ्या चाचण्यांना राहील. साधारण नऊ रोलचं नुकसान धरून चाललोय. (वापरणार असाल तर भरतानाही मंद उजेडात भरा. स्वच्छ पॉलिस्टर काचतंतूसारखा वागतो, बाहेरच्या टोकातून उजेड आत झिरपतो आणि पहिल्या फ्रेम धुरकट होतात.)

१२ फेब्रुवारी

आमच्या फिल्मवाल्या मंडळींत एकीने सुचवलं, “दादा, एवढी झिगझिग कशाला? कंपनी ज्या देशाची तो देश लिहून टाक.”

तिला मी माझ्याकडचे रिकामे खोके दाखवले. फुजीफिल्मचा अॅक्रॉस २, कंपनी जपानची, खोक्यावर ‘मेड इन यूके’. फुजीफिल्म ४००, त्याच कंपनीचा, खोक्यावर ‘मेड इन यूएसए’. आग्फाफोटोची व्हिस्टा प्लस २००, नाव जर्मन, खोक्यावर ‘मेड इन जपान’. लेव्हरकुसेनच्या जर्मन कंपनीचं २००५ मध्ये दिवाळं निघालं, नाव मात्र परवान्यावर फिरत राहिलं. तिने तिन्ही खोकी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, “म्हणजे हे लोक नाव आपलं ठेवतात आणि देश खरा लिहितात.”

एवढं थोडक्यात मला दोन संध्याकाळी बाण काढूनही सुचलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

विकलेले ३१ रोल १४ जणांकडे गेले होते. सगळ्यांना लिहिलं: लेबलावरचा देश चुकीचा आहे, फिल्म इंग्लंडमध्ये बनलेली एचपी५ प्लस आहे, परत करायचे असतील तर करा, नाहीतर नवं लेबल पाठवतो. पत्र लिहायला दोन दिवस लागले, कारण पहिल्या मसुद्यात मी तीन परिच्छेद स्वतःची बाजू मांडत होतो.

नऊ जणांचं उत्तर आलं. दोघांनी मिळून पाच रोल परत केले. तिघांनी नवी लेबलं मागवली. एकाने लिहिलं, “रोल कधीच वापरून झाला, फोटो छान आले, लेबल आता कुठे चिकटवू?” ज्याने पहिल्यांदा चूक दाखवली, त्याने नवीन मसुदा तपासून दिला आणि ‘भरणी व पॅकिंग’च्या आधी भरल्याचा महिनाही टाका म्हणाला. टाकला.

२७ फेब्रुवारी

कपाटातले २३ आणि परत आलेले ५, एकूण २८ रोलवर नवी लेबलं लावली. पत्र्याच्या कॅसेटमधले नऊ आधी उलगडून कोऱ्या कॅसेटमध्ये भरावे लागले. त्यातल्या दोनांवर बारीक ओरखडे आले, ते स्वतःसाठी ठेवले. जुनं लेबल काढताना गोंद राहतो. केस वाळवायच्या यंत्राने गरम करून काढायचा मोह झाला होता, आत फिल्म आहे हे वेळेवर आठवलं.

वही नवीन केली. डबा आला की त्याला नंबर. त्या नंबरसमोर डब्यावरची मूळ चिठ्ठी सोलून चिकटवायची, इमल्शन नंबर (मसाल्याच्या थराचा बॅच नंबर) आणि देशासकट. त्या डब्यातून निघालेल्या प्रत्येक रोलवर तोच नंबर आणि पुढे रोलचा क्रमांक. ४-०७ म्हणजे चौथ्या डब्यातला सातवा. कोणी निगेटिव्ह खिडकीला धरून विचारलं तर वही उघडून मूळ चिठ्ठीच दाखवता येते.

३ मार्च

चौथा डबा, म्हणजे ती पिशवी, भरून झाली. फ्रेममागे ३८ मिमी, पुढचं-मागचं टोक धरून एका रोलला साधारण १.६२ मीटर. अठरा पूर्ण रोल निघाले, ४-०१ ते ४-१८. शेवटी जी शेपटी उरली तिच्यात वीस फ्रेम मावल्या. तिलाही तेच लेबल लावलं, ‘३६’ खोडून पेनने ‘२०’ केलं. ४-१९ आत्ता माझ्या कॅमेऱ्यात आहे.